घोडा अडतो, माणूस अडत नाही

घोड्याशी माझा संबंध आला तो दोनच ठिकाणी. लहानपणी स्टेशनवरून आजोळी नेणारा टांग्याचा घोडा, आणि पुढे शाळेत इतिहास शिकवताना बारगीर-शिलेदारांचा. सरकारी घोडा मिळालेला तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन आलेला तो शिलेदार, हे मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतलं. पण घोड्याच्या मानेवरून हात फिरवायची वेळ आली ती सत्तरी ओलांडल्यावर, आणि तीही कुठे, तर कोलोरॅडोत!

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे होतो. तिला नुकतंच तिच्या टीमचं प्रमुखपद मिळालं होतं. एका संध्याकाळी म्हणाली, "आई, शनिवारी आमचं ट्रेनिंग आहे. लीडरशिपचं. घोड्यांबरोबर. घरच्यांना बघायला आणलं तरी चालतं, येतेस?" पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, "म्हणजे आता घोडे शिकवणार तुम्हाला!" मीही हसले. पण गेले.

शहरापासून तासाभरावर एक पागा होती. घोड्यावर बसायचं नव्हतंच. खोगीर नाही, चाबूक नाही. फक्त मोहरकी आणि तिला बांधलेला एक दोर. शिकवणाऱ्या बाईंनी आधी घोड्याची ओळख करून दिली. घोडा हा शिकार होणारा प्राणी, कळपात राहणारा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे अगदी नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर त्याला चहूकडचं दिसतं. शेजारचा घोडा का दचकला हे ओळखण्यावर त्याचा जीव अवलंबून. तुमचा हुद्दा त्याला कळत नाही. तुमचे खांदे, श्वास, चाल मात्र कळते.

काम सोपं वाटत होतं. दोर सैल ठेवून घोड्याला रिंगणाच्या एका टोकाकडून दुसरीकडे न्यायचं. लेकीच्या वाट्याला एक तांबूस घोडी आली. निम्म्या वाटेवर ती थांबली. लेकीने दोर ओढला, तशी घोडीने मान वर करून पाय घट्ट रोवले. आता पाचशे किलोच्या जनावराला कोण ओढणार? मग लेक गर्रकन वळून तिच्यासमोर उभी राहिली, एक हात कमरेवर, दुसऱ्याचं बोट उगारलेलं, आणि आवाज चढवला.

मी दचकले. तो आवाज माझा होता! तो हात, ते बोट, सगळं माझं. नववी ब च्या वर्गातलं.

बाईंनी तिला थांबवलं. दोर सैल सोड, तिच्या डोळ्यांत रोखून बघू नकोस, तिच्या खांद्याजवळ उभी राहा, एक श्वास घे आणि जिथे जायचंय तिकडे बघून चालायला लाग. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा घोडी चालली.

मंडळी, इथे मला एक सांगायचंय. असल्या शिबिरांत "घोडा तुमचं मन ओळखतो" वगैरे फार बोललं जातं. त्यावर माझा विश्वास नाही. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता. त्याचे मालक आमच्यासारखेच निवृत्त शिक्षक, गणिताचे. हान्स टापा आपटून गणितं सोडवतो, म्हणून १९०४ साली विद्वानांची समिती त्याला तपासायला बसली. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सही चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि ते पाहून हान्स थांबायचा. म्हणजे घोड्याला गणित येत नव्हतं, माणसाचं अंग वाचता येत होतं. २०१६ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनीही दाखवलं, की घोडे फोटोतला रागीट आणि हसरा चेहरा वेगळा ओळखतात. हे पुष्कळ झालं. त्यापुढे जाऊन घोड्याला अंतर्ज्ञानी ठरवायचं कारण नाही.

मग शिबिराचा उपयोग काय? माझ्या मते एवढाच, पण मोठा: घोडा अडतो. त्याला पगारवाढ नको असते, घराचे हप्ते नसतात, गोपनीय अहवालाची भीती नसते. नाही पटलं तर तो पाय रोवतो आणि सगळ्यांना ते दिसतं. माणसं तशी अडत नाहीत. ती मान डोलावतात आणि मनातून केव्हाच थांबलेली असतात.

मुलांचंही तेच. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असायची. त्याचा मला केवढा अभिमान! २०११ साली जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. तिथे एक मुलगी, म्हणजे आता चांगली चाळिशीची बाई, जवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमच्या तासाला येत असलेलं उत्तरसुद्धा सांगायची हिंमत व्हायची नाही हो." हसत म्हणाली, वाकून नमस्कारही केला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं ज्याला मी शिस्त म्हणत होते, तो चाळीस मुलांनी रोवलेला पाय होता, आणि मला तो दिसलाच नाही.

परतीच्या वाटेवर लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मी ऑफिसातही अशीच असते का गं?"

म्हटलं, "मला काय माहीत? तुझ्या माणसांना विचार."

"ते खरं सांगतील?"

खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर पागेत मिळत नाही. एका दिवसाच्या शिबिराचे पैसे भरून कंपनी मोकळी होते. पण सोमवारी कुणी "मला हे पटत नाही" म्हणालं तर त्याचं काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. ते बोलणाऱ्याला महागात पडणार असेल, तर शनिवारची घोडी फुकट अडली म्हणायची.

लेकीने त्यानंतर एक केलं. मीटिंगमध्ये आपलं मत ती आता सगळ्यांत शेवटी सांगते. पहिले काही दिवस कुणी तोंडच उघडेना म्हणे. मी तिला म्हटलं, थांब जरा, दोर सैल ठेव.

मला हे तिशीत कुणी सांगितलं असतं तर? असो. नववी ब पैकी कुणी हे वाचत असाल, तर आता न घाबरता लिहा. बाई रागावणार नाहीत.