रोपाच्या पिशवीचा प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडाशी नव्या फळबागेच्या बांधावरून एक फेरी मारली, तर काळ्या पिशव्यांचे तुकडे जागोजागी पडलेले आढळतात. कलम लावून झाले की पिशवी फाडून भिरकावली जाते. कित्येकदा मजूर घाईत ती फाडीतही नाहीत, आणि कलम पिशवीसह खड्ड्यात जाते. पुढे दोन-तीन वर्षांनी झाड का वाढत नाही म्हणून उकरून पाहावे, तो पिशवीच्याच आकाराचे वेटोळे घेऊन बसलेली मुळे दृष्टीस पडतात. उन्हाने पिशवी ठिसूळ झाली म्हणजे तिचा चुरा होतो, आणि मग तो वेचून काढणे कोणासही शक्य नसते. सबब, रोपवाटिकांनी ही पिशवी सोडून मातीत कुजणारी पात्रे वापरावीत, ही मागणी रास्त आहे. परंतु ती सरसकट सर्व रोपांसाठी केली जाते, तेथे आमचा मतभेद आहे.

पिशवी काही विनाकारण आली नाही. आंब्याचे भेट कलम बांधण्यासाठी मातीच्या कुंड्या मातृवृक्षाजवळ माच घालून ठेवाव्या लागत. त्या जड, फुटक्या आणि दूर नेण्यास गैरसोयीच्या. कोय कलम व मृदुकाष्ठ कलम या पद्धती रूढ झाल्या, तेव्हा हलकी, स्वस्त आणि किलोवर मिळणारी पिशवी रोपवाटिकेच्या कामी आली. १९९०-९१ पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने वृक्षलागवडीचे संकल्प २ कोटींवरून ३३ कोटींपर्यंत नेले. एवढी रोपे खेडोपाडी पोहोचली ती बहुतांशी याच पिशवीतून, हे मान्य केलेच पाहिजे.

तेव्हा विचार करावयाचा तो असा की, रोप पात्रात किती दिवस राहणार? काकडी, दोडका, कारली यांचे रोप सुमारे तीन आठवड्यांत शेतात जाते. पपईचे रोप दीड-दोन महिन्यांत लागवडीस येते. या पिकांना मूळ हलवलेले मुळीच खपत नाही, म्हणून पात्रासकट लावता येणे हा त्यांचा मोठाच लाभ होय. पळसाच्या पानांचा द्रोण, काथ्याची कुंडी, शेणाची कुंडी, यांपैकी जे गावी मिळेल ते येथे चालते. उलटपक्षी आंब्याचे किंवा काजूचे कलम रोपवाटिकेत वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ राहते आणि एक अख्खा पावसाळा काढते. तेथे द्रोण मध्येच कुजून जाईल व कलम उचलताना मातीचा गोळा फुटेल. यात द्रोणाचा दोष नाही. त्याला न झेपणारे काम आपण सांगतो.

कुजणाऱ्या पात्राची जोपासनाही निराळी आहे, आणि ती न सांगता पात्रे वाटली की बदनामी होते. अशा पात्राच्या भिंतीतून पाणी सतत उडत असते. म्हणून पात्रे एकमेकांस चिकटवून सावलीत मांडावीत आणि पाणी थोडे परंतु वारंवार द्यावे. लागवडीच्या वेळी पात्राची कड मातीच्या वर राहू देऊ नये. कड उघडी राहिल्यास ती दिव्याच्या वातीप्रमाणे खालची ओल वर ओढते, आणि ओल्या जमिनीतही रोप सुकते. पान किंवा काथ्या कुजताना जंतू नत्र खातात, त्यामुळे रोप पिवळे पडल्यास चांगल्या कुजलेल्या शेणखताचे पाणी द्यावे. शेणाची कुंडी करताना कच्चे शेण घेऊ नये, कारण हुमणीला ते फार मानवते. वाळवीचा उपद्रव असलेल्या जमिनीत पानाच्या द्रोणापेक्षा काथ्याची कुंडी बरी.

बाजारात ‘विघटनशील’ असा शिक्का मारलेल्या पिशव्याही मिळतात. त्यांच्याबाबत शेतकरी बंधूंनी सावध राहावे. काहींचे केवळ बारीक तुकडे होतात, म्हणजे मूळ तक्रार जशीच्या तशी राहते. खत होणारी पिशवी विकणाऱ्याजवळ केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असावे लागते, ते मागावे. शिवाय अशा पिशव्यांची कसोटी खताच्या ढिगातील सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णतेत घेतली जाते. शेतातील माती तेवढी तापत नाही, म्हणून प्रमाणित पिशवीदेखील काढूनच कलम लावावे हे उत्तम.

कलमांच्या बाबतीत आमचे मत असे की, जाड पिशवी किंवा पुन्हा वापरता येणारी टणक कुंडी द्यावी, तिच्यासाठी काही अनामत घ्यावी, आणि रिकामी परत आली की ती रक्कम चुकती करावी. पातळ पिशवीत होणारी काटकसर दिसावयास आकर्षक असली तरी तीच पिशवी फाटून मातीत राहते.

आता खर्चाविषयी. कुजणारे पात्र पिशवीहून कित्येक पटींनी महाग पडते, आणि हा भार एकट्या रोपवाटिकाचालकाने सोसावा असे म्हणणे न्याय्य नव्हे. रोपांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे शासकीय योजना व ग्रामपंचायती. मागणीपत्रात पिशवीचे माप लिहिलेले असेल, तर द्रोणात उत्तम रोप वाढविणाऱ्याला तेथे जागाच राहत नाही. अल्पमुदतीच्या रोपांसाठी मागणीपत्रात रोपाची उंची, वय आणि मुळांची स्थिती लिहावी. पात्र कुजणारे असल्यास दरात तेवढी वाढ मान्य करावी. हा बदल कागदावर झाल्यावाचून नुसत्या प्रचाराने काही साधणार नाही, अशी आमची धारणा आहे. शासकीय पत्रिकेतच हे लिहावे लागते याचा संकोच बाळगण्याचे कारण दिसत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळी हंगामात एवढे करून पाहावे. जानेवारी-फेब्रुवारीत एका शेतकऱ्याकडे काकडीची पन्नास रोपे द्रोणात व पन्नास पिशवीत, एकाच दिवशी, एकाच मातीत वाढवावीत. लागवडीनंतर पंधरा दिवसांनी दोन्हींतील जगलेली रोपे मोजावीत, प्रत्येकी दोन-दोन उपटून मुळे शेतकऱ्यांना दाखवावीत, आणि द्रोण करणाऱ्यांची मजुरी धरून झालेला खर्च तालुका कार्यालयास कळवावा.