आजोबा गेले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर? आधी वारस नोंद करा

धाराशिव : सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम, परंडा तालुक्यांत पिकांसोबत मातीही वाहून गेली. नुकसान कसणाऱ्याचे होते, पण सरकारी मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला मिळते. ते नाव मयताचे असेल तर गाडी अडते. फार्मर आयडी आधार आणि जमिनीच्या नोंदीशी जोडलेला असल्याने मयताच्या नावाने तोही निघत नाही.

अर्ज कुठे करायचा?
मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. ई-हक्क पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावे-पत्ते आणि स्वयंघोषणापत्र जोडा. मुदत टळली असली तरी अर्ज करा.

पुढे काय?
फेरफार नोंद होते, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

बहिणींची नावे लावायची का?
हो. हिंदू वारसा कायद्यानुसार लग्न झालेली मुलगीही वारस आहे. तिला वगळल्यास हरकत येऊन प्रकरण लांबते.

यात वाटणी होते का?
नाही. नावे सामाईक लागतात. वाटणीसाठी तहसीलदारांकडे कलम ८५ खाली वेगळा अर्ज लागतो.

अशा अडलेल्या नोंदींसाठीच एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली. तुमचा सातबारा महाभूलेखवर आजच उघडा आणि नाव तपासा.