पेशींचा शेजार

‘दुखत नाही गं, मग कशाला डॉक्टर?’ असं म्हणत माझ्या मावशीनं छातीतली गाठ तीन महिने लपवली. शेवटी माझा हात धरून दाखवली, तेव्हा मी हादरलेच. सुपारीसारखी टणक!

गाठ टणक का होते? पत्रकाराची खोड, बसले वाचत. तेव्हा भेटल्या मीना बिसेल. जन्म इराणचा, काम अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत. त्यांचं म्हणणं असं की, फक्त पेशीला दोष देऊ नका, तिचा शेजारही बघा.

पेशी एकटी राहत नाही, बॉस! तिच्याभोवती कोलॅजेन, लॅमिनिन अशा प्रथिनांचं जाळं असतं, एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स. आपल्या चाळीच्या भिंती, जिने, गॅलरीच समजा. कुणी कसं वागायचं, हे तिथूनच कळतं. उंदराच्या स्तनातल्या पेशी प्लॅस्टिकच्या ताटलीत वाढवल्या, तर त्या दूध बनवणंच विसरतात. लॅमिनिनवाल्या जेलमध्ये ठेवा, पुन्हा कामाला लागतात!

१९९७मध्ये बिसेल, व्हॅलरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी कमाल केली. मॅट्रिक्सला धरून ठेवणारे पेशींचे ‘हात’ म्हणजे इंटिग्रिन. स्तनाच्या कॅन्सरपेशींवरचं एक इंटिग्रिन त्यांनी अँटिबॉडीनं अडवलं. सैरभैर वाढणाऱ्या पेशी चक्क शिस्तीत गोल करून बसल्या. जीन्स मात्र बिघडलेलेच होते! २००५मध्ये वीव्हर यांच्या टीमनं दुसरी बाजू दाखवली. भोवतालचं जेल कडक केलं, की पेशींची शिस्त मोडते. म्हणजे टणकपणा हे नुसतं लक्षण नाही, तो आगीत तेलही ओततो.

अर्थात, हे सगळं प्रयोगशाळेतलं. मावशीला बरं केलं ते ऑपरेशन आणि केमोनंच.

आणि हो, ‘शेजार’ म्हणजे सासूबाईंचा जाच किंवा ऑफिसचं टेन्शन नव्हे. ‘माझं काय चुकलं गं?’ असं मावशी रडून विचारायची. काहीच नाही, मावशी. चुकले ते फक्त तीन महिने.

बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण हे तुम्ही नाही, तपासणी ठरवणार. दुखण्याची वाट बघू नका. हाताला गाठ लागली, तर याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा!