आशियाच्या पंगतीतले पान

पंगतीला बसणाऱ्या माणसांचे तीन प्रकार असतात. काहींच्या घरी यजमान स्वतः जाऊन अक्षत देतो, काहींचे पान नात्याच्या हक्काने मांडलेलेच असते, आणि काही गृहस्थ नुसत्या जिलबीच्या वासावर येऊन बसतात. फुटबॉलच्या क्लबांचेही थोडेफार असेच आहे, असे म्हटले की निम्मे वाचक पान उलटतील. कारण आपण पडलो क्रिकेटवाले. पण जरा थांबा. दिवाळीचा अंक आहे, चकलीचा डबा हाताशी आहे, आणि विषयही वाटतो तितका परका नाही. आपल्या देशातल्या क्लबाने परदेशी क्लबांच्या स्पर्धेत शिरायचे कसे, आणि तिथे मारच खायचा असेल तर शिरायचे तरी कशाला, असा तो विषय आहे.

प्रश्न माझा नव्हे, माझ्या भाच्याचा. २०२३ साली मुंबई सिटीचा संघ आशियाई चॅम्पियन्स लीगमधले गटातले सहाच्या सहा सामने हरला, तेव्हा तो मला म्हणाला, “मामा, सगळे हरले! रियाधला अल्-हिलालकडून तर अर्धा डझन गोल खाऊन आले. मग गेलेच कशाला?”

मी म्हटले, “अरे, जे गेलेच नाहीत, त्यांची गोष्ट आधी ऐक.”

ती गोष्ट १९५४ सालापासून सुरू होते. त्या वर्षी १३ डिसेंबरला इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन क्लबाने हंगेरीच्या होनवेद क्लबाला, आधी दोन गोलांनी मागे पडून, ३-२ असे हरवले. इंग्रजी वर्तमानपत्रांना एवढे पुरेसे होते. त्यांनी आपल्या संघाला जगज्जेता ठरवून टाकले! पॅरिसच्या ‘लेकिप’ या क्रीडादैनिकातले गाब्रिएल आनो हे स्वतः जुने खेळाडू. त्यांना काही हे पटेना. आधी मॉस्कोला आणि बुडापेस्टला जाऊन जिंकून दाखवा, मग काय ते म्हणा, असा त्यांचा सवाल. नुसता सवाल टाकून ते थांबले नाहीत. त्यांच्या दैनिकाने युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची योजना आखली आणि सोळा क्लबांना आमंत्रणे धाडली. आजच्या युरोपीय चॅम्पियन्स लीगची ही पाचवीची पूजा.

१९५५ साली इंग्लंडचा विजेता होता चेल्सी. त्याला अक्षत आली, पान मांडले गेले. पण इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधली वडीलधारी मंडळी म्हणाली, “कशाला ती परदेशाची यातायात? घरच्या सामन्यांचे वेळापत्रक बिघडेल.” चेल्सीने मुकाट्याने माघार घेतली आणि त्याच्या जागी पोलंडचा ग्वार्दिया वॉर्सा खेळला. शेजारच्या स्कॉटलंडमधून मात्र हायबर्निअन गेला. हा क्लब आपल्या लीगमध्ये पाचवा आलेला. पण त्याने जर्मनीत जाऊन एसेनच्या संघाला ४-० असे हरवले आणि पुढे उपांत्य फेरी गाठली. त्याच्याशी खेळणाऱ्या स्वीडनच्या युरगोर्डनची तर आणखी तऱ्हा. स्वीडनमध्ये हिवाळा असल्यामुळे त्या बापड्यांनी आपला ‘घरचा’ सामना ग्लासगोत खेळून घेतला. पण खेळले!

पुढच्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला आमंत्रण आले. लीगच्या वडीलधाऱ्यांनी पुन्हा नाके मुरडली, पण मॅट बझ्बी यांनी या खेपेला ऐकले नाही. त्यांच्या मैदानावर रात्रीच्या सामन्यापुरते दिवे नव्हते, म्हणून शेजारच्या क्लबाचे मैदान मागून घेतले आणि तिथे बेल्जियमच्या आंदरलेख्तला १०-० असे धुतले. या वाटेची किंमतही त्या क्लबाने मोजली. फेब्रुवारी १९५८ मध्ये बेलग्रेडहून सामना खेळून परतताना म्युनिकला विमानाला अपघात झाला. २३ माणसे गेली, त्यांत आठ खेळाडू होते. तरी युनायटेड पुन्हा उभा राहिला आणि १९६८ साली युरोपचा चषक जिंकणारा पहिला इंग्लिश क्लब ठरला. चेल्सीला तो चषक मिळाला २०१२ साली. आलेले पान परत केल्यानंतर तब्बल ५७ वर्षांनी!

आता आपल्या घरी येऊ. आशियाच्या पंगतीत आता कुणी अक्षत घेऊन येत नाही. आधीच्या वर्षांत एखाद्या देशाच्या क्लबांनी काय दिवे लावले, त्यावर त्या देशाला किती पाने हे ठरते. मग त्या देशात जो जिंकेल, त्याचे पान. एवढ्यावरही भागत नाही. क्लबाला परवाना लागतो, आणि तो देताना पाच गोष्टी तपासतात: मुलांचे संघ वाढवता का, मैदान कसे आहे, कारभाराला माणसे कोण, कायद्याची कागदपत्रे कुठे आहेत आणि हिशेब चोख आहे का. थोडक्यात, मुलगी दाखवताना सुद्धा होत नसेल इतकी चौकशी!

या चौकशीतून पार पडून आपले क्लब जात आले आहेत. गोव्याच्या डेंपोने २००८ साली दुय्यम दर्जाच्या आशियाई चषकात उपांत्य फेरी गाठली. बंगळुरूचा संघ २०१६ साली त्याच चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि इराकच्या अल्-कुवा अल्-जवियाकडून एका गोलाने हरला. २०२१ साली एफ. सी. गोवा हा पहिल्या दर्जाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला, आणि त्याने तीन सामने बरोबरीत सोडवले. मग आली मुंबईची पाळी. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला त्याच इराकी क्लबाने आधी गोल केला, पण मुंबई सिटीने बरोबरी साधली आणि आपल्या मुंबईच्याच राहुल भेकेने डोक्याने दुसरा गोल मारून सामना २-१ असा जिंकून दिला. त्या स्पर्धेत भारतीय क्लबाने जिंकलेला तो पहिला सामना. त्या खेपेला मुंबई गटात दुसरी आली.

त्यानंतर २०२३ चे ते सहा पराभव. घरचे सामने अंधेरीत नव्हे, तर पुण्याला बालेवाडीत झाले, आणि अल्-हिलालशी सामना नेरूळला झाला. म्हणजे आपली गत युरगोर्डनसारखीच! नेमार येणार म्हणून केवढी धामधूम. पण तो गुडघा दुखावून घरी बसला. सामना आपण हरलो, पण रियाधचे सहा गोल नेरूळला दोनावर आले होते. भाच्याला मी हाच हिशेब दाखवला. सहाचे दोन होतात ते खेळल्यावर, घरी बसून नव्हे.

घरी बसले की काय होते, तेही आपण पाहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पश्चिम आशियात क्षेपणास्त्रे उडत असताना मोहन बागानचे खेळाडू इराणमधल्या तब्रीझला गेले नाहीत. जिवाची काळजी खरीच होती, त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण स्पर्धेच्या वहीत ‘माघार’ अशी नोंद झाली ती झालीच.

माझी खरी चिंता वेगळीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एफ. सी. गोव्याने फातोर्ड्याला ओमानच्या अल्-सीबला हरवून आशियाच्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत पान मिळवले. ऑक्टोबरमध्ये तिथे सौदीचा अल्-नस्र आला. रोनाल्डो आला नाही, पण गोव्याने सामना अवघ्या एका गोलाने गमावला. आणि त्याच वेळी घरी काय चालले होते? करारमदाराच्या घोळात आपली इंडियन सुपर लीग ठरल्या वेळी सुरूच झाली नव्हती! पंगतीला जरीचा फेटा बांधून जायचे आणि घरी चूल थंड, असा हा प्रकार.

१९५५ साली इंग्लंडच्या वडीलधाऱ्यांना वाटले की परदेशी गेल्याने घरचा खेळ बिघडेल. आपल्याकडे धोका नेमका उलटा आहे. घरचा खेळ बिघडला, तर परदेशी जाण्याचा हक्कच उरत नाही. आशियातले पान घरच्या लीगच्या चुलीवर मिळते. ती चूल पेटती ठेवणे हे मैदानावरच्या पोरांचे काम नव्हे, कार्यालयात बसणाऱ्या मोठ्यांचे आहे.

आणि थोडे आपलेही. बालेवाडीला किंवा नेरूळला पुन्हा असा सामना आला, तर मुलांना घेऊन जरूर जा. परदेशचा नामांकित गडी आला नाही म्हणून हिरमुसू नका. आपले अकरा आलेले असतील, आणि त्यांनी ते पान कुणाच्या मेहेरबानीने मिळवलेले नसेल.