पाच माणसे, अडीच तिकिटे

शाळांना सुट्टी लागली की आपल्या घरांत एकच प्रश्न असतो, यंदा कुणाकडे जायचे? पूर्वी याचे उत्तर नाते ठरवीत असे. फुफूची तब्येत बरी नसेल, खालाकडे लग्न असेल, मामूंनी बोलावले असेल. आता त्यात तिकिटाचा हिशेबही डोकावू लागला आहे.

नंदुरबारहून मालेगावला निघालेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. अब्बा, अम्मी, सात आणि दहा वर्षांची मुले आणि पंचाहत्तरी ओलांडलेली दादी. ऑगस्ट २०२२ पासून दादीच्या वयाच्या ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे तिकीट तर पूर्वीपासूनचेच. म्हणजे पाच माणसांची अडीच तिकिटे! धुळे, मालेगाव, नाशिक जवळ वाटू लागले ते यामुळेच. माहेरी जाण्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही, हे समाधान कित्येक भगिनींना या अर्ध्या तिकिटाने दिले आहे.

पण हेच कुटुंब सुरतला निघाले तर? एस.टी.च्या या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच. नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. तशीच आपली नातीही हद्दीच्या दोन्ही बाजूंना, व्यारा, बारडोली, सुरतपर्यंत पसरलेली. रेल्वेत साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सूट असे. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. मग दादी मालेगावच्या लेकीकडे वर्षातून दोनदा जाते आणि सुरतच्या लेकीला ‘पुढच्या सुट्टीत येईन’ असा निरोप जातो. यात कुणाच्या मनात खोट नसते, पण सुरतच्या लेकीला ते कसे कळावे? सिलारहमीची, म्हणजे नाती जोडून ठेवण्याची जी ताकीद दीनने केली आहे, तिला राज्याची हद्द नाही. म्हणून एस.टी.त वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात टाका. सुरतचे तिकीट त्यातूनच निघेल.

दुसरी गोष्ट ईदची. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. शाबान आणि रमजान मिळून साधारण तेवढेच दिवस होतात. तेव्हा ईदला गावी जायचे असेल तर शाबानचा चाँद दिसताच तिकिटाचे बघा. मात्र ईदची तारीखही चाँदवरच ठरते, ती एका दिवसाने पुढेमागे होते. स्वस्तात मिळणारी, पण रद्द केल्यास पैसे परत न देणारी तिकिटे अशा वेळी महागात पडतात. दोन पैसे जास्त गेले तरी रद्द करता येणारे तिकीट बरे. नाहीतर परतीसाठी एक दिवस हाताशी ठेवावा.

शेवटी एक सावधगिरी. सूट बहुधा गाड्या रिकाम्या असतात तेव्हाच मिळते. एस.टी.ने १ जुलै २०२५ पासून दीडशे किलोमीटरहून लांबच्या प्रवासाचे आगाऊ आरक्षण करणाऱ्या, पूर्ण तिकिटाच्या प्रवाशांना १५ टक्के सूट ठेवली. पण गर्दीचा हंगाम त्यातून वगळला. सहलींच्या जाहिरातींचेही तसेच. ‘आजच नाव नोंदवा, इतके हजार वाचवा’ असे वाचले की आधी स्वतःला विचारावे, सूट नसती तरी आपण तिथे गेलो असतो का? उत्तर ‘नाही’ आले, तर ती बचत नव्हे, तो इस्राफ.

सवलत जरूर घ्या, तो आपला हक्क आहे. फक्त कुणाकडे जायचे हे आधी ठरवा आणि तिकिटाचा हिशेब नंतर करा. या सुट्टीत सुरतची ती लेक वाट पाहत राहू नये, एवढेच.