मल्लखांब राज्याचा, गादी कोणाची?

देवास/धार : ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर झाला, तेव्हा टीव्हीवर चर्चा रंगली ती क्रिकेट मंडळाची. मंडळ कायद्याच्या कक्षेत येणार का, माहितीचा अधिकार लागू होणार का, वगैरे. त्या गदारोळात एक तरतूद मागेच राहिली. मान्यता असलेल्या प्रत्येक राष्ट्रीय क्रीडा संघटनेने ‘सुरक्षित खेळ धोरण’ तयार करायचं आहे आणि त्यात महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणाची सोय असली पाहिजे, असं हा कायदा सांगतो.

ही ओळ सगळ्यात जास्त लागू पडते ती मल्लखांबाला. खेळणारी बहुतेक शाळकरी पोरं, खेळ उंचीवरचा आणि अंगावर कपडा कमीत कमी. त्यामुळे मल्लखांबात सुरक्षा आणि पोशाख हे दोन वेगळे विषय राहतच नाहीत. एकाचा नियम दुसऱ्याला न विचारता केला, की घोळ होतो.

माळव्याचा खेळ

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर इथे माणसं आली, तशी तालीम आणि आखाडाही आला. मल्लखांबाचा उल्लेख थेट बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सापडतो. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला पुन्हा उभं केलं, असं परंपरा मानते. पुढे हा खेळ महाराष्ट्राइतकाच माळव्यातही टिकला.

टिकला एवढंच नाही, तर २०१३ मध्ये मध्य प्रदेश सरकारने मल्लखांबाला राज्य खेळाचा दर्जा दिला. देवासच्या शेजारी, तासाभराच्या अंतरावर असलेल्या उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २०२३ च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धांमधला मल्लखांब उज्जैनलाच झाला. महाराष्ट्राच्या बाजूने हिमानी परब आणि सागर ओव्हाळकर यांना अर्जुन, तर उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. छत्तीसगडच्या अबूझमाडमधल्या मुलांनी २०२३ मध्ये टीव्हीवरची मोठी स्पर्धा जिंकून दाखवली. म्हणजे मान मिळाला, पदकं आली, टीव्हीही आला. आता प्रश्न उरतो खालच्या गादीचा.

माती गेली, फरशी आली

पुरलेला मल्लखांब जमिनीच्या वर साधारण आठ फूट. खेळाडू बोंडावर उभा राहिला, की त्याचं डोकं तेरा-चौदा फुटांवर जातं. दोरीचा मल्लखांब त्याहून उंच. जुन्या तालमीत खांबाच्या आजूबाजूला खणलेली, तेल-ताक घालून मऊ केलेली माती असायची. पडणारा त्या मातीत पडायचा. म्हणजे गादी हा शब्द वापरात नव्हता तरी गादी होती.

आता खेळ शाळेच्या पटांगणात, सभागृहात, पंधरा ऑगस्टच्या मंचावर आलाय. लोखंडी बैठकीवरचा फिरता खांब कुठेही उभा करता येतो. खाली मात्र फरशी, सिमेंट किंवा लाकडी मंच असतो. त्यावर सतरंजी टाकली, की काम झालं असं अनेक आयोजकांना वाटतं. मोठ्या स्पर्धेत जाड गाद्या असतात, डॉक्टर असतो, रुग्णवाहिका असते. पण खेळाडू स्पर्धेत वर्षातून चार दिवस असतो आणि सरावात तीनशे. अपघाताची शक्यता जिथे जास्त, तिथे नियम सगळ्यात पातळ.

बाकीच्या गोष्टीही साध्याच आहेत. पुरलेला खांब जमिनीलगत ओल धरतो आणि तिथेच कुजतो. टांगत्या मल्लखांबाची साखळी आणि आकडा झिजतो. दोरी आतून विरते, बाहेरून दिसत नाही. हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. लागते एक वही, त्यात तारीख आणि बघणाऱ्याची सही.

दहीहंडीने काय शिकवलं

नियम खेळाने स्वतः केले नाहीत, तर ते कोर्ट करतं. याचं उदाहरण महाराष्ट्रात दर वर्षी दिसतं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीला १८ वर्षांची वयाची अट आणि २० फुटांची उंची घातली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्यातून सवलत दिली. २०१६ मध्ये पुन्हा २० फूट. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न सरकारवर सोडला आणि सरकारने १४ वर्षांखालची मुलं थरावर चढणार नाहीत, अशी हमी दिली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. विमा आला. २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांना विम्याचं कवच जाहीर झालं.

आणि त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला सरावाच्या वेळी वरच्या थरावरून पडून ११ वर्षांचा मुलगा गेला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. १४ ची अट कागदावर आठ वर्षं होती. ती गल्लीतल्या सरावापर्यंत पोहोचली नाही, कारण तिथे बघणारा कुणी नव्हता.

याउलट स्पेनच्या कातालोनिया भागात माणसांचे मनोरे रचतात, दहीहंडीसारखेच. युनेस्कोने २०१० मध्ये त्या परंपरेला जागतिक वारशात घेतलं. तिथे २००६ मध्ये मातारो गावात १२ वर्षांची मुलगी पडून दगावली. त्यानंतर सगळ्यात वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर खास बनवलेलं हलकं हेल्मेट दिसू लागलं. आधी परंपरावाले नाराज होते. आता हेल्मेट नसेल तर लोकांनाच चुकल्यासारखं वाटतं.

अमेरिकेतल्या चिअरलीडिंगचीही हीच कथा. आपल्याकडे तो प्रकार आयपीएलच्या सीमारेषेवर नाचणाऱ्या मुलींपुरता माहीत आहे. तिकडे मात्र तो उड्या आणि मनोऱ्यांचा स्पर्धात्मक खेळ आहे. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याच्या संघटनेला पूर्ण मान्यता दिली. २००६ मध्ये बास्केटबॉलच्या सामन्यात एक महाविद्यालयीन मुलगी मनोऱ्यावरून पडली, मानेला दुखापत झाली. लगेच कडक फरशीवर गादीशिवाय हवेत फेकण्यावर आणि उंच मनोऱ्यांवर बंधनं आली. म्हणजे खेळ थांबवला नाही. अवघड प्रकार कुठे करायचा आणि कुठे नाही, हे ठरवलं.

कपड्याचा प्रश्न वेगळा का

मल्लखांबात कातडी हेच साधन. मांडीची आतली बाजू, गुडघ्याची खोबण, काख, पोटरी, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट, यांनी खांब किंवा दोरी धरायची. खांबाला एरंडेल लावतात ते सोलवटू नये म्हणून. अढी घालताना मध्ये कापड आलं, तर पकड निसटते आणि निसटली की माणूस खाली. म्हणून मुलगे आखूड चड्डीत आणि मुली अंगाबरोबर बसणाऱ्या, पोहण्याच्या पोशाखासारख्या कपड्यात खेळतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी हाच पोशाख अडचणीचा होतो. मुलगी आठवी-नववीत गेली, की घरात कुजबूज सुरू. ‘आता पुरे झालं, अभ्यासाकडे बघ.’ खेळ सोडायचं कारण अभ्यास सांगितलं जातं. खरं कारण असतं मैदानाबाहेर मोबाइल धरून उभी असलेली माणसं. याच्यावर तोडगा म्हणून कुणी पूर्ण पायजम्याचा आग्रह धरतो, कुणी मुलींचा खांब बंद करून फक्त योगासनं ठेवा म्हणतो. पायजम्याने अब्रू राखली असं वाटतं आणि मान धोक्यात घातली जाते.

जगात हा वाद अनेक खेळांत झालाय. बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेने २०११ मध्ये महिलांना स्कर्टची सक्ती करायचं ठरवलं, भारतासह अनेक देशांतून विरोध झाला आणि २०१२ मध्ये ते गुंडाळावं लागलं. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिलांनी बीच हँडबॉलमध्ये बिकिनीऐवजी आखूड विजार घातली, तर १५०० युरोंचा दंड झाला. त्यावर इतका ओरडा झाला, की त्याच वर्षी नियम बदलला. त्याच वर्षी जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली टोकियो ऑलिम्पिकमध्ये घोट्यापर्यंतच्या पोशाखात उतरल्या. नियमात ती मुभा आधीपासून होती, वापरण्याचं धाडस नव्हतं.

मल्लखांबाला जर्मन तोडगा जसाच्या तसा चालणार नाही, कारण जिम्नॅस्टिक्समध्ये पकड हाताची आणि इथे सगळ्या अंगाची. पण त्यातलं तत्त्व घेता येतं. पकडीसाठी अंगाचा कोणता भाग उघडा हवा, तेवढंच नियमाने सांगावं. उरलेल्या अंगावर काय घालायचं, ते खेळाडूने ठरवावं. पाठ झाकायची असेल तर झाका, बाह्या हव्या असतील तर घाला, गुण कापू नका. पाळी येईपर्यंत अंगावर जॅकेट ठेवायची मुभा असावी. कपडे बदलायला कडी लागणारी खोली असावी, पडदा नव्हे. हे मुलांनाही लागू, कारण लाज काही फक्त मुलींना नसते.

आणि सगळ्यात मोठा नियम प्रेक्षकांसाठी. अल्पवयीन खेळाडूंचं चित्रीकरण नोंद केलेल्या माणसांनीच करावं, बाकीच्यांचे मोबाइल खिशात. पोशाख दोन बोटं वाढवून जे साधणार नाही, ते याने साधेल. तसंच शिकवताना हात लावावा लागतो, आधार द्यावा लागतो. म्हणून मुलींच्या सरावाला एक तरी महिला प्रशिक्षक किंवा पालक हजर असणं हे धोरणात लिहूनच टाकायला हवं. यात चांगल्या प्रशिक्षकाचंही संरक्षण आहे.

गादीचा खर्च कुणाच्या खात्यात

नियम फुकट होतो, गादी फुकट येत नाही. छोट्या आखाड्याची फी मुळात नाममात्र. त्याच्यावर जाड गाद्या, विमा आणि महिला प्रशिक्षक यांचा बोजा टाकला, तर दोनच गोष्टी होतील. आखाडा बंद पडेल, नाहीतर नियम कागदावर पाळला जाईल. दुसरीच जास्त संभवते.

पण धार आणि देवासची गोष्ट थोडी वेगळी आहे. धार जिल्ह्यात पीथमपूर आहे, देवासला स्वतःची औद्योगिक वसाहत आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. कशावर करायची याच्या यादीत ग्रामीण खेळांचं आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. कंपनीने आपल्या आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदाच म्हणतो.

मग पैसा येत का नाही? एक अडचण कागदाची. २०२१ पासून असा पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी करावी लागते. त्याआधी आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. गुरुजी, चार माजी खेळाडू आणि एक पावतीपुस्तक एवढ्यावर चालणाऱ्या आखाड्याला हे कुठून जमणार? त्यांनी स्वतंत्र नोंदणीच्या फंदात पडूही नये. जिल्ह्यातल्या सगळ्या आखाड्यांनी मिळून एक संस्था करावी, तिची नोंदणी करावी, गाद्यांची खरेदी आणि विम्याचा हप्ता एकत्र काढावा. एकगठ्ठा घेतलं की दरही कमी पडतो. किंवा कंपनीने थेट स्वतः गाद्या घेऊन द्याव्यात, कायद्यात तीही वाट आहे.

बसणार कोण, ठरवणार कोण

नव्या कायद्याने संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि नामवंत खेळाडू असावेत, असं म्हटलंय. ही राष्ट्रीय पातळीची गोष्ट झाली. पोशाखाचा निर्णय घेताना मात्र ज्यांना तो घालायचा आहे, त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना राज्य आणि जिल्हा पातळीवरही विचारलं गेलं पाहिजे. नाहीतर काका-मामांची बैठक होईल, चहा होईल आणि ठराव होईल.

राज्य खेळ म्हणून मध्य प्रदेश सरकारची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त आहे. शाळेला खांब देताना गादीही दिली नाही, तर खांब देऊ नये, इतका साधा नियम भोपाळहून काढता येईल. महाराष्ट्रात गोविंदाला विमा मिळतो, तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मल्लखांबपटूला का नको, हाही प्रश्न दोन्ही सरकारांना विचारता येईल.

तोपर्यंत पालकांनी आखाड्यात गेल्यावर चार गोष्टी बघाव्यात. खांबाखाली काय अंथरलंय, खांब-दोरी शेवटची कधी तपासली, मूल पडलं तर कुणाच्या गाडीतून कुठल्या दवाखान्यात नेणार आणि मैदानाच्या कडेला मोबाइल धरून कोण उभं आहे. उत्तर मिळालं नाही, तर मुलीला घरी बसवू नये. गुरुजींच्या शेजारी बसून वही सुरू करावी.