तलाव गावाचा, कुलूप सरकारचे



कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या तलावाचे काय सोयरसुतक? नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर उभे राहून आम्हीही स्वतःला हेच विचारले. उत्तर त्याच तिरोडा तालुक्यात धूर ओकत उभे आहे. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे कोळशाचे वीज केंद्र आहे. कोळसा म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी दलदलीत गाडला गेलेला झाडपाला. त्या दलदलीने पुरलेला कर्ब चिमणी आकाशात सोडते. पाऊस लहरी होतो आणि दुबार पेरणी तुमच्या-आमच्या माथी बसते.

थंड मुलखात अशी दलदल आजही आहे. तिच्यात पाण्याखाली अर्धवट कुजून साचलेल्या थराला पीट म्हणतात. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के जागा, पण जगातल्या साऱ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कर्ब तिच्यात आहे. चर खणून ती कोरडी केली की हवा लागते आणि कर्ब उडून जातो. म्हणून हे चर बुजवून दलदल पुन्हा ओली करण्यासाठी स्कॉटलंडच्या सरकारने २०२० साली दहा वर्षांकरिता २५ कोटी पौंड जाहीर केले. तिथे जमीन ओली ठेवणे हे पैसे देण्याजोगे काम समजतात.

आमच्याकडे पीट नाही, पण तलाव आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव. कोहळ्यांनी बांधले, ढिवरांनी राखले. १९५१ साली मालगुजारी गेली, ते बरेच झाले. पण तलाव गावाकडे न येता सरकारजमा झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले. पाळ फुटली तर बाबूची मंजुरी, तुडूम बिघडले तर बाबूची मंजुरी. दरम्यान पोटात गाळ आणि काठावर बेशरम.

आता कायद्याची गंमत पाहा. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले मानवनिर्मित जलसाठे वगळले आहेत. म्हणजे आमच्या पूर्वजांनी तलाव शेतीसाठी बांधला, हाच त्याचा गुन्हा!

त्याच साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, २०२३ साली नव्याने आली. गाळ शेतात यावा, हे आम्हाला मान्यच. हलक्या जमिनीत तो ओल धरतो, बोंडे भरताना पावसाने ताण दिला तर पीक तगते. पण काम घनमीटरवर मोजले की ठेकेदार खोल खणतो. वरचा गाळ शेताचा आहे. खालचा चिकणमातीचा थर तलावाचा. तो फोडून मुरुमाला भिडलात तर पाणी जिरून जाईल. आणि शेतात पसरलेल्या गाळातला कर्बही हवेने जळतो, तेव्हा पऱ्हाट्या पेटवण्याची सवय आपणही सोडायला हवी. माती परीक्षणाच्या चिठ्ठीवर सेंद्रिय कर्ब अर्धा टक्काही भरत नाही, त्याला सरकार एकटे जबाबदार नाही.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन वेगळी वाट दाखवली आहे: बेशरम उपटायची, तलावाचा तळ नांगरायचा, देशी पाणवनस्पती लावायच्या, मग मासे. तिथे यंत्रापेक्षा गावच्या माणसांचे हात जास्त लागले. जिल्हा परिषदेने पैसा घालावा तो अशा कामात.

गाळ वाहण्याच्या अनुदानाचा हिशेबही मांडू. एकरी १५,००० रुपये, तेही अडीच एकरांपर्यंत, आणि मुख्यतः अल्प व अत्यल्पभूधारकांना. धानपट्ट्यात हे एक वेळ चालेल. पण कोरडवाहू सात एकरवाला कागदावर मोठा शेतकरी ठरतो. ट्रॅक्टरचे भाडे त्याने कुठून द्यायचे? कापूस विकून? त्याच्या भावाची कथा तुम्हाला सांगायला नको.

साचल्या पाण्यातून मिथेनही निघतो, त्यामुळे तलाव म्हणजे कर्ब विकायचे दुकान, असले स्वप्न आम्ही दाखवणार नाही. आमचे मागणे साधे आहे. किती खणायचे, गाळ कोणाला द्यायचा आणि ठेकेदाराचे बिल काढायचे की नाही, हे ग्रामसभा ठरवील. वाहतुकीचा पैसा कोरडवाहू शेतकऱ्याला, एकरांची अट न घालता. आणि पाळ-तुडुमाच्या डागडुजीसाठी जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळी तरतूद.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या शिवारातला तलाव, बोडी, पाझर तलाव कोणाच्या ताब्यात आहे याची तलाठ्याकडून नोंद काढून आणा. ठराव त्यावरच लिहायचा आहे.